फक्कीची रेघ

“रोकडेराव, तुमीच खाली या राव! हा डोंगर काय मला चढवत न्हाई!”

पर्यवेक्षक नवनाथ थोरवे पायथ्याच्या करवंदीच्या जाळीशी उभा राहून ओरडत होता. भागुजी रोकडेने त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्याचं सगळं लक्ष हातातल्या काठीला बांधलेल्या नळीत होतं. नळीतलं पाणी अजून हिंदकळत होतं.

“लंकाबाई, वाईच वर. आनखी बोटभर. हां, थांबा.”

पलीकडची काठी धरून लंकाबाई पुतळ्यासारखी उभी राहिली. पाणी थांबलं. दोन्ही काठ्यांवर एकाच खुणेला. तिने पायाने दगड सरकवून जागेवर ठेवला आणि न सांगता पुढच्या जागेकडे निघाली.

तालुक्याच्या मृदसंधारणात भागुजीचं हे बाविसावं वर्ष होतं आणि बावीस वर्षं तो हेच करत आला होता. दोन काठ्या, मधे पारदर्शक नळी, नळीत पाणी. पाणी दोन्हीकडे सारखं आलं की त्या दोन जागा एका पातळीवर. अशा जागांवर दगड ठेवत जायचं, मग दगडांवरून चुन्याची फक्की ओढायची, आणि फक्कीवरून बायांनी चर खणायचा. पावसाचं पाणी चरात अडतं, जागच्या जागी जिरतं. रेघ मात्र कधी सरळ येत नाही. घळ आली की आत शिरते, नाकाड आलं की बाहेर येते. डोंगर जसा असेल तशी ती जाते. शिनोलीच्या वरच्या अंगाला उंबरदऱ्याच्या वाडीत काठी टेकणाऱ्या म्हातारीपासून शाळेतल्या पोरीपर्यंत सगळ्यांना हे ठाऊक होतं. तालुक्याच्या कार्यालयात ते किती जणांना ठाऊक होतं, याबद्दल भागुजीचं मत फारसं चांगलं नव्हतं.

शेवटचा दगड पडल्यावर तो सावकाश खाली उतरला. नवनाथ जाळीच्या सावलीत बसून रुमालाने मान पुसत होता. खांद्याला नवी कोरी पिशवी. काळ्या रेक्झिनची, तीन खणांची, वर सोनेरी अक्षरं.

“ही कितवी?” भागुजीने विचारलं.

“आठवी,” नवनाथ हसला. त्याला काही टोचत नसे, हा त्याचा मोठा गुण. “हैदराबाद. जेवन म्हंजे काय सांगू! रोज संध्याकाळी बिर्यानी.”

“आनि दिवसा?”

“दिवसा ते आपलं हेच. पडद्यावर दाखवत्यात. पानी आडवा, पानी जिरवा.”

नवनाथच्या पिशव्या तालुक्यात प्रसिद्ध होत्या. माती परीक्षणाच्या पिशवीतून त्याची बायको बाजारातून भाजी आणायची. गांडूळखताची गोठ्यात टांगलेली असायची, तिच्यात पान्हे आणि पकडी. लोकसहभागाच्या पिशवीत मांजरीने पिल्लं घातली होती. आणि पाच दिवसांचं ताणतणाव व्यवस्थापनही तो महाबळेश्वरला जाऊन करून आला होता. ज्या माणसाला आयुष्यात कशाचाच ताण आला नाही, त्याला तो कसा घालवायचा हे सरकारने खर्च करून शिकवलं.

त्यात नवनाथचा दोष तरी काय होता? कार्यालयाची रीतच तशी होती. प्रशिक्षणाचं पत्र आलं की साहेब मान वर करून विचारायचे, “कोण मोकळं आहे?” मोकळा नवनाथच असायचा. आणि कुणी चुकून भागुजीचं नाव काढलंच, तर साहेब हसून म्हणायचे, “रोकडे गेले तर काम कोण करणार?” हे वाक्य भागुजीने चार साहेबांच्या तोंडून ऐकलं होतं. चौघांनीही ते कौतुकाने म्हटलं होतं.

“बरं, ऐका,” नवनाथने आवाज खाली केला. “देहरादूनचं पत्र आलंय. सहा आठवडे. आवंदा साहेबांनी तुमचं नाव घातलंय, माज्या डोळ्यानं बघितलं. बोलावलंय तुमाला.”

भागुजीने नळीतलं पाणी ओतून दिलं. नळीचं भेंडोळं त्याने दोनदा सोडून पुन्हा केलं. नवनाथच्या ते लक्षात आलं नाही.

“जातंय कोन,” भागुजी म्हणाला. “पिशव्या काय कमी हाईत का घरात.”

घरात एकही नव्हती.

देहरादूनबद्दल त्याने कृषी शाळेत असताना पहिल्यांदा ऐकलं होतं. तिथे डोंगराच्या उतारावर पाण्याचे मापनबांध घातलेत, आणि कोणत्या चरामुळे किती माती थांबली ते तीस-तीस वर्षं रोज लिहून ठेवलंय, असं एक म्हातारे मास्तर सांगायचे. भागुजीच्या डोक्यात ते तसंच राहिलं. बावीस वर्षांत त्याने किती चर काढले, याचा कागद कार्यालयात होता. त्यांनी किती माती थांबवली, हे कुणी त्याला विचारलं नव्हतं. ते त्याला बघायचं होतं, कसं मोजतात ते. बाकी बिर्याणीशी त्याला कर्तव्य नव्हतं.

ही इच्छा त्याने बायकोशिवाय, द्रौपदाशिवाय, कुणाला सांगितली नव्हती. आणि द्रौपदाने ती ऐकून घेऊन काय केलं, तर पुढच्या नारायणगावच्या बाजारातून स्वेटर आणला. मे महिन्यात.

“अगं, येडी हाईस का? हितं अंगावर सदरा सोसवंना.”

“तितं थंडी आसंल. डोंगर हाय म्हनला ना तुमी?”

“आजून नाव पक्कं न्हाई.”

“आवंदा न्हाई तर कवा? पंचेचाळीस व्हत्यात तुमाला.”

ते खरं होतं. प्रशिक्षण सुरू व्हायच्या दिवशी वय पंचेचाळीसच्या आत हवं, अशी अट होती. प्रशिक्षण सव्वीस मेला सुरू होणार, आणि भागुजीची जन्मतारीख एक जून. आईच्या म्हणण्याप्रमाणे तो भात काढणीत जन्मला होता. पण शाळेत घालताना गुरुजींनी त्या वर्षीच्या सगळ्याच पोरांना एक जून लावून टाकला. गुरुजींच्या त्या आळसापायी त्याच्या आयुष्यातले पाच महिने गेले होते, आणि आता सहा दिवस उरले होते.

स्वेटर करड्या रंगाचा होता. द्रौपदाने तो प्लास्टिकच्या पिशवीतून काढलाच नाही. मळेल म्हणून.

साहेबांच्या टेबलावर आदेश टाइप होऊन तयार होता. सही तेवढी नव्हती.

“बसा रोकडे,” देवकर साहेब म्हणाले. ते तरुण होते, गोड बोलायचे आणि डोंगर गाडीच्या काचेतून बघायचे. “शुक्रवारी जिल्ह्याचे प्रशिक्षणार्थी येतायत. चाळीस अधिकारी आणि मोठे साहेब. क्षेत्रभेट आपल्या उंबरदऱ्यात.”

“हो साहेब. वरच्या तीन ओळींचे दगड लावून झालेत.”

“तेच बोलायचंय. परवा मी रस्त्यावरून पाहिलं. रेषा फार वाकड्यातिकड्या दिसतात हो.”

“समपातळी तशीच जाते साहेब.”

“ते मला कळतं.” साहेबांनी पेन हातात घेतलं. “पण मोठे साहेब वर चढणार नाहीत. ते रस्त्यावरूनच बघणार. फोटोही तिथूनच. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर जाणार आहे आपला डोंगर. कसं दिसेल ते? वहीच्या पानावर ओळी असतात ना, तसं दिसलं पाहिजे. स्वच्छ.”

भागुजीला लेणी आठवली. बापाने लेण्याद्रीच्या पायथ्याला जन्म काढला होता. लहानपणी भागुजी तिथल्या लेण्यांमधल्या टाक्यांचं पाणी प्यायचा. दगडात खोदलेली टाकी, ऐन उन्हाळ्यात भरलेली. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी ती खोदली, त्यांनी पाणी कुठून उतरतं ते बघितलं असणार. समोरच्या रस्त्यावरून कशी दिसतील, ते नसणार बघितलं.

हे सगळं त्याच्या मनात आलं. तोंडाने तो म्हणाला, “फक्की सरळ मारतो साहेब. एका दिवसापुरती. दगड हाईत तिथंच ऱ्हातील. खणताना दगडावरून खणू.”

“शाबास! म्हणून तर तुम्हाला पाठवतोय.”

त्याने तडजोड केली ती एवढीच. चुना काय, हाताने पुसला जातो. गुरुवारी संध्याकाळी बाया घरी गेल्यावर त्याने दोन खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि डोंगराच्या अंगावर तीन सरळ रेघा ओढल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने दोरी वापरली होती. काम अर्ध्या तासात झालं. इतक्या लवकर होतं हे, म्हणूनच आवडत असेल लोकांना, असं त्याला वाटून गेलं. अंग धुताना हाताचा चुना लवकर निघाला नाही.

शुक्रवारी सकाळी त्याला डोंगरावर जाताच आलं नाही. खुर्च्या, मांडव, चाळीस जणांचे पोहे, फेट्यांचं कापड. घोडेगावातून हे सगळं टेम्पोत भरून आणण्याचं काम साहेबांनी त्याच्यावरच टाकलं होतं. कोण मोकळं आहे, हे या वेळी कुणी विचारलं नाही.

टेम्पो वळणावर आला आणि भागुजीने वर पाहिलं. डोंगरावर रंगीत लुगड्यांच्या तीन रांगा होत्या. टिकाव वर जात होते, खाली येत होते.

तो टेम्पो थांबायच्या आधीच उतरला. नवनाथ रस्त्यावर हसतमुखाने उभा होता.

“कसं दिसतंय? साहेब म्हनले काम चालू दिसाया पायजे. मी काल वाडीत सांगावा धाडला, पहाटंच या म्हनून. आर्धं उरकलं बगा!”

“कशावर खणत्यात?”

“म्हंजे?”

भागुजीने पुढचं ऐकलं नाही. चांगल्या कपड्यांनिशी तो डोंगर चढला. बाया फक्कीवरूनच खणत होत्या. दगड बाजूला, कुठे दोन हात वर, कुठे चार हात खाली, आपल्या जागी पडून होते. घळीपाशी चर घळ ओलांडून सरळ गेला होता आणि तिथून खाली लंकाबाईच्या भाताच्या खाचराकडे उतरत होता. पाऊस लागला की डोंगरावरचं सगळं पाणी या चराने गोळा करून त्या एका टोकाला नेऊन सोडलं असतं. खाचरासकट बांध गेला असता.

“लंकाबाई, दगुड दिसलं न्हाईत का?”

लंकाबाईने टिकाव टेकवला, कपाळ पुसलं. “दिसलं की. म्या म्हनलं बी, भाऊ, की दगुड येगळं आनि फक्की येगळी. मंग कुशाबाई म्हनली, दगुड गुरं बी हालवत्यात. फक्की भाऊंच्या हातची हाय.” तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “काय झालं?”

खाली गाड्या आल्या. साहेबांनी हात हलवून त्याला बोलावलं.

मोठे साहेब खरंच वर चढले नाहीत. त्यांनी काळा चष्मा वर करून डोंगराकडे पाहिलं आणि म्हणाले, “वा. याला म्हणतात शिस्त.” चाळीस प्रशिक्षणार्थींनी ते वहीत लिहून घेतलं. एका मुलीने विचारलं, “सर, पण समपातळीची रेघ इतकी सरळ कशी?” तिच्या शेजारच्याने तिला कोपराने ढोसलं. देवकर साहेब म्हणाले, “हा प्रश्न आपण चर्चासत्रात घेऊ.” मग पोहे आले. फोटो निघाला. भागुजीला नळी घेऊन कडेला उभं केलं होतं. चाळीस जण आपापल्या काळ्या पिशव्या सांभाळत गाडीत चढले.

जाताना साहेबांनी खिशातून आदेश काढून दिला. सही होती, शिक्का होता. ‘प्रशिक्षणासाठी कार्यमुक्त करण्यात येत आहे.’ उद्या रात्रीची पुण्याहून गाडी.

“मजा करा रोकडे. कमावलंय तुम्ही.”

बाया फेट्यांचं उरलेलं कापड घडी घालून ठेवत होत्या. भागुजीने आदेश सदऱ्याच्या आतल्या खिशात घातला आणि त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. काय बोलायचं ते त्याने ठरवलं नव्हतं.

“चर चुकलाय,” तो म्हणाला. “तिन्ही वळी.”

“आमचं चुकलं?” कुशाबाई घाबरली.

“न्हाई. दगुड बरोबर व्हतं. फक्की खोटी व्हती. मीच मारली. फोटूसाठी.”

 एक-दोघींना वाटलं भाऊ थट्टा करतोय. लंकाबाई मात्र त्याच्याकडे बघतच राहिली. ती बारा वर्षं त्याच्या नळीचं दुसरं टोक धरत आली होती. कुठल्या कागदावर तिचं नाव नव्हतं. तिला प्रशिक्षण दिलं ते भागुजीने, आणि त्याला खरं म्हणजे तिने.

“आनि मंग आता,” ती म्हणाली, “आमी कुनाच्या फक्कीवर खनायचं, भाऊ?”

चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिने ते साधेपणाने विचारलं, रस्ता विचारावा तसं.

भागुजी घरी गेला. द्रौपदाने पत्र्याची पेटी भरून ठेवली होती. सगळ्यात वर स्वेटर, प्लास्टिकमध्ये.

त्याने सगळं सांगितलं. ती पेटीच्या कडेला बसून ऐकत होती.

“नवनाथभाऊजी घेतील की बुजवून,” ती म्हणाली.

“त्याला नळी कुठनं धरायची ते ठावं न्हाई.”

“आनि तुमचे साहेब?”

“त्यांना तर तो चरच आवडलाय.”

“तुमी आल्यावर?”

“तवर पाऊस झाला आसंल. लंकाबाईचं खाचर गेलं आसंल.”

द्रौपदाने स्वेटरवरचं प्लास्टिक हाताने सारखं केलं. मग एकदम भडकली. “मेले ते फोटू काढनारे! तुमी तरी कशापायी आयकलं त्यांचं? बावीस वर्सं कुनाचं आयकलं न्हाई, आनि आताच बरं आयकायचं सुचलं!”

“जायचं व्हतं मला,” भागुजी म्हणाला.

एवढं उघड त्याने कधी म्हटलं नव्हतं. द्रौपदा उठली. तिने स्वेटर पेटीतून काढला, जपून, चुरगळू न देता, आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवला. मग पेटीतली जुनी कामाची पँट बाहेर काढून दोरीवर टाकली.

शनिवारी सकाळी भागुजीने अर्ज दिला. घरगुती अडचणीमुळे जाऊ शकत नाही. साहेब खरोखर हळहळले. मग त्यांनी मान वर करून विचारलं, “कोण मोकळं आहे?”

उंबरदऱ्यात चर बुजवून दगडांवरून नवे खणायला नऊ दिवस लागले. खणलेला चर बुजवणं हे खणण्यापेक्षा वाईट काम. माती पुन्हा तशी बसत नाही, आणि माणसालाही आपलंच काम मोडताना जोर येत नाही. पहिल्या दिवशी बारा बाया आल्या. तिसऱ्या दिवशी सगळ्या. भागुजीने स्वतः टिकाव घेतला. बाया त्याच्याशी कामापुरतं बोलत. नेहमीची थट्टामस्करी नव्हती. नवी फक्की मारल्यावर लंकाबाई प्रत्येक दगडाशी थांबून, वाकून बघायची की चुना दगडावरूनच गेलाय ना. आधी ती कधी बघत नसे. भागुजी तिला बघू द्यायचा.

एक जून त्याच नऊ दिवसांत येऊन गेला.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. चर भरले, जिरले, पुन्हा भरले. खाचराचा बांध राहिला. याची नोंद कुठे झाली नाही, कारण न फुटलेल्या बांधाची नोंद करायला रकाना नसतो.

पुस्तिका गणपतीच्या सुमारास आली. मुखपृष्ठावर उंबरदऱ्याचा डोंगर आणि त्यावर तीन सरळ, देखण्या रेघा. खाली छापलं होतं, ‘आदर्श सलग समतल चर’. त्या वेळेपर्यंत ते चर जगात कुठेच नव्हते. कडेला उभ्या केलेल्या भागुजीचा हात आणि नळी तेवढी आली होती. पुढे ही पुस्तिका प्रत्येक प्रशिक्षणात वाटली जाऊ लागली.

पुस्तिका घेऊन नवनाथच आला होता. सोबत एक पिशवीही. खाकी, जाड कापडाची, देहरादूनची.

“घ्या. खरी तुमचीच हाय ही.” तो पहिल्यांदाच जरा ओशाळला होता. “मला तितलं काय कळलं न्हाई बगा. ते समदं मोजमापाचं. आकडंच आकडं. तुमी पायजे व्हता.”

“काय मोजत्यात?”

“काय की. बाटल्यांत गढूळ पानी भरून ठिवत्यात. त्यातली माती वाळवून तोलत्यात. मला तर झोप यायची.”

“वाळवून तोलत्यात,” भागुजी स्वतःशीच म्हणाला. “बरं.”

पिशवी नको म्हणायचं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. पण पिशवी चांगली दणकट होती.

दिवाळीनंतर पलीकडच्या डोंगराचं काम निघालं. सकाळी भागुजीने चुन्याचं पोतं फोडलं, देहरादूनच्या पिशवीत फक्की भरली, पट्टा खांद्याला अडकवला आणि नळी लंकाबाईकडे दिली. बाया टिकाव घेऊन मागे थांबल्या होत्या. तो चढू लागला.

अर्ध्या चढावर लंकाबाईने हाक मारली. “भाऊ, मागं बगा.”

पिशवीच्या तळाची शिवण उसवली होती. त्याच्या मागोमाग, पायथ्यापासून तो उभा होता तिथपर्यंत, डोंगराच्या अंगावर एक पांढरी रेघ उमटली होती. खाली कुशाबाई त्या रेघेकडे बघत होती. तिचा टिकाव अजून खांद्यावरच होता.

भागुजीने पिशवी उतरवून दगडावर ठेवली. मग तो मागे फिरला, आणि वरपासून खालपर्यंत, बाया बघत असताना, पायाने ती रेघ पुसत पुसत उतरला.